डिस्चार्जनंतर काय? कमलाबाई निंबकरांनी हाती घेतलेला प्रश्न

साकीनाक्याच्या खैराणी रोडला दोन्ही बाजूंनी लहान लहान गाळे आहेत. कुठे पत्र्याचे भाग ठोकून काढतात, कुठे प्लास्टिकचा माल निघतो, कुठे शिलाईची मशिने चालू असतात. प्रेसमध्ये हात सापडला, बोटाचे पेर गेले, कंडरा तुटली, अशा दुखापती अशा वस्तीला नव्या नाहीत. जखमी कामगाराला पालिकेच्या रुग्णालयात नेतात, शस्त्रक्रिया होते, टाके निघतात आणि एक दिवस डिस्चार्जचा कागद हातात पडतो. कागदापुरता रुग्ण बरा झालेला असतो. घरी आल्यावर कळते, की मूठ वळत नाही, डब्याचे झाकण उघडत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. मशिनवर परत कधी बसायचे, हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा.

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात असू शकतो. तरण्याबांड मुलाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. औषधांनी भास थांबतात, झोप लागते, आरडाओरडा बंद होतो. पण मुलगा दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला. अंघोळीला उठवावे लागते, जेवायला सांगावे लागते. आजार आटोक्यात आहे असे डॉक्टर म्हणतात. आईला मात्र पुढचा दिवस कसा जाणार याची काळजी असते.

या दोन्ही घरांतल्या अडचणीवर काम करणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी. रुग्णालयात तिचे नाव ‘ओटी’ असे घेतले, की बहुतेकांना ऑपरेशन थिएटरच आठवते. आणि व्यवसायोपचार हा शब्द ऐकला, की एखादा धंदा शिकवत असतील असे वाटते. इथे व्यवसाय या शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे. सकाळी उठून दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत माणूस जे जे करतो, ते सारे त्यात येते. हे सारे पुन्हा करता यावे म्हणून, आणि ते करता करताच, दिलेला उपचार म्हणजे व्यवसायोपचार. भारतात या विद्येची शाळा पहिल्यांदा निघाली ती मुंबईत, महानगरपालिकेच्या केईएम रुग्णालयात, १९५० मध्ये. ती काढली कमला निंबकर यांनी. आशिया खंडातली अशी ती पहिली शाळा मानली जाते.

न्यू जर्सी ते मुंबई

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, माउंट हॉली नावाच्या गावातला. हे गाव फिलाडेल्फियापासून फार लांब नाही. घर क्वेकर पंथाचे. हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. साधी राहणी, युद्धाला विरोध आणि सर्व माणसे समान हा आग्रह, ही त्याची ओळख. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत या पंथाचे लोक आघाडीवर होते.

मनोरुग्णांच्या इतिहासातही क्वेकरांना मानाचे स्थान आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० मध्ये एका क्वेकर स्त्रीचा मृत्यू झाला. तिथे रुग्णांना कसे वागवतात हे तेव्हा पंथातल्या लोकांच्या लक्षात आले. त्यांच्यापैकी विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाची वेगळी संस्था उघडली. साखळदंड आणि मारहाण याऐवजी मोकळी हवा, आपुलकीची वागणूक आणि रोजचे नेमून दिलेले काम, हा तिथला उपचार. बागकाम, शिवणकाम, घरकाम यांत मन गुंतले की रुग्ण सावरू लागतो, असा तिथला अनुभव होता. पुढे फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनीही याच धर्तीवर मनोरुग्णालय काढले आणि ते १८१७ मध्ये सुरू झाले. व्यवसायोपचाराची पाळेमुळे शोधायची तर ती अशी मनोरुग्णालयांत सापडतात. हाताच्या आणि पायाच्या दुखापतींशी तिचा संबंध नंतर आला.

एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी १९३० मध्ये लग्न केले आणि त्या भारतात आल्या. सविनय कायदेभंगाचे ते वर्ष. देश ढवळून निघालेला होता. अशा वेळी त्यांनी भारतीय संसार स्वीकारला, कमला हे नाव घेतले आणि पुढचे आयुष्य इथेच काढले. १९३१ मध्ये त्यांचा मुलगा बॉन याचा जन्म झाला. फलटणला शेतीसंशोधनाची संस्था उभी करणारे बॉन निंबकर ते हेच. लेखिका जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. मराठी वाचकांना हे घर या नावांमुळे ठाऊक असते. सासूबाईंचे काम मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणी सांगत नाही.

चाळिशीनंतरचे शिक्षण

दुसऱ्या महायुद्धाने पुनर्वसन हा विषय जगापुढे आणला. हातपाय गमावलेले, मणक्याला गोळी लागलेले, मनाने खचलेले लाखो सैनिक घरी परतले होते. पेनिसिलिनमुळे आणि सुधारलेल्या शस्त्रक्रियेमुळे पूर्वी दगावली असती अशी माणसे जगली होती. जगलेल्यांचे पुढे काय करायचे, हे वैद्यकाला आता टाळता येईना. ब्रिटनने १९४४ मध्ये अपंगांच्या रोजगारासाठी कायदाच केला. अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या. त्यांतली फिलाडेल्फियाची शाळा जुनी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ मध्ये निघालेली. चाळिशी उलटलेल्या कमलाबाईंनी या शाळेत शिक्षण घेतले आणि त्या विद्या घेऊन मुंबईला परतल्या.

ज्या वयात त्या काळच्या बायका सासू होण्याच्या तयारीला लागत, त्या वयात एक बाई नव्या विषयाची विद्यार्थिनी झाली. या शिक्षणाला इथे मान्यता नव्हती, नोकरी नव्हती, विषयाचे नावही कोणाला माहीत नव्हते. परत येऊन एखाद्या रुग्णालयात एक खोली मागून घ्यावी आणि जमेल तितक्या रुग्णांना मदत करावी, एवढे केले असते तरी ते सत्कार्यच ठरले असते. कमलाबाईंनी त्याच्या पुढचा विचार केला. एका खोलीत एका बाईने किती रुग्ण पाहायचे? त्यापेक्षा हे काम करणारे शिकवून तयार करावेत, म्हणजे ते आणखी खोल्या उघडतील. त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामामागे हाच हिशेब दिसतो.

स्वातंत्र्यानंतरची मुंबई

त्या काळची मुंबई कशी होती, हे डोळ्यांसमोर आणले तर या हिशेबाचे महत्त्व कळते. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा असल्याचे त्यात दिसले. त्यातल्या बऱ्याच जागा आजारी माणसाला डांबून ठेवण्याच्याच होत्या. कायदा १९१२ चा, त्याच्या नावातच ‘वेडेपण’ होते. मुंबईकरांसाठी मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे. घरच्यांनी तिथे सोडलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे.

शहरातच, साध्या रुग्णालयात जाऊन मनाचा डॉक्टर भेटावा, ही कल्पना तेव्हा नवी होती. जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी असा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी मानसोपचाराचे काम वाढवले. मनाचा आजार असलेला रुग्ण सकाळी यावा, उपचार घ्यावा आणि संध्याकाळी घरी जावा, ही वाट इथून मोकळी होऊ लागली.

शारीरिक अपंगत्वाचे चित्रही बिकट होते. पोलिओची लस अजून यायची होती आणि १९४९ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. क्षयाचे रुग्ण महिनोन् महिने खाटेवर पडून असत. कुष्ठरोगाने बोटे वाकडी झालेली माणसे रस्त्यावर भीक मागत. परळ-लालबागच्या गिरण्यांत यंत्रात हात सापडणे हे नेहमीचेच. अपंगांसाठी जे काही होते, ते बहुतांशी दयेच्या पोटी चालवलेले अनाथाश्रम आणि अन्नछत्रे.

याच शहरात फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. तिचेच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय झाले. हाजीअलीलाच १९५५ मध्ये केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. अशा हालचालींच्या काळात कमलाबाईंची शाळा निघाली.

शाळेची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. परळचे केईएम हे पालिकेचे रुग्णालय. कापड गिरणीतला कामगार, हमाल, मोलकरीण, कोकणातून उपचाराला आलेला शेतकरी, असे सगळे तिथे येतात. नव्या विद्येची पहिली शाळा एखाद्या खासगी दवाखान्यात निघाली असती, तर ती श्रीमंतांची चैन झाली असती. पालिकेच्या रुग्णालयात निघाल्यामुळे पहिल्या दिवसापासून तिचे रुग्ण गरीब होते आणि विद्यार्थ्यांना शिकावे लागले तेही गरिबांच्या गरजांप्रमाणे.

काम हेच औषध कसे होते?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मनोरुग्णालयांत आणि तुरुंगांत माणसांकडून काम करून घेण्याची पद्धत जुनीच आहे. बागेत खणायला लावायचे, मागावर बसवायचे, स्वयंपाकघरात राबवायचे. संस्थेचा खर्च त्यातून वाचतो. त्याला उपचार म्हणता येत नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. काम कोणाच्या गरजेतून निवडले, हे पाहायचे. संस्थेला भाजी हवी म्हणून रुग्णाला खणायला लावले तर ती मजुरी. या रुग्णाच्या खांद्याला, एकाग्रतेला किंवा आत्मविश्वासाला काय हवे, हे तपासून त्याला नेमके काम, नेमका वेळ दिले आणि दर आठवड्याला प्रगती मोजली, तर तो उपचार.

त्यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रत्येक कामाची चिरफाड करतो. साधी पोळी घ्या. कणीक मळताना तळव्यांचा आणि खांद्यांचा जोर लागतो. गोळा करताना बोटे वळतात. लाटताना दोन्ही मनगटे एका तालात चालतात. तव्यावर पोळी उलटताना वेळेचे भान आणि चिमटीची पकड लागते. अर्धांगवायूनंतर सावरणाऱ्या बाईला यातला कोणता टप्पा जमतो आणि कोणता नाही, हे पाहून तिथून सुरुवात करायची. आधी मऊ कणीक, मग घट्ट. आधी बसून, मग उभ्याने. तांदूळ निवडणे हा चिमटीचा व्यायाम, कपडे वाळत घालणे हा खांद्याचा. पायाने चालवायचा माग घोट्याला बळ देतो, सुतारकामातली करवत कोपराला.

हाताच्या दुखापतीत तर वेळेलाच सर्वाधिक महत्त्व असते. जोडलेली कंडरा पहिल्या काही आठवड्यांत योग्य रीतीने हलवली नाही, तर ती आजूबाजूच्या मांसाला चिकटते आणि बोट कायमचे ताठ राहते. वाजवीपेक्षा जास्त जोर दिला, तर जोड तुटतो. म्हणून हाताच्या मापाची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बनवून हात ठरावीक कोनात ठेवतात आणि ठरावीक हालचाली करून घेतात. उत्तम शस्त्रक्रिया होऊनही हात निकामी राहिला, तर पुष्कळदा या आठवड्यांत झालेली हयगय त्याला कारण असते.

मनाच्या आजारात हेच तत्त्व वेगळ्या रीतीने लागू होते. दीर्घकाळ आजारी माणसाचा दिवस विस्कटलेला असतो. काम सुरू करणे, त्यावर लक्ष टिकवणे आणि ते पुरे करणे, या तिन्ही गोष्टी त्याला जड जातात. विणकामासारख्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि केलेले काम डोळ्यांना दिसते. चार जणांनी मिळून चहा करायचा ठरवला, तर दुसऱ्याशी बोलावे लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. औषधाने भास थांबतात. दिवसाला पुन्हा आकार येतो तो अशा सरावाने. औषध बंद करून हे करायचे नसते, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. दोन्ही जोडीने चालतात.

पाश्चात्त्य पुस्तकांतून हे सगळे शिकून आलेल्याला इथे बरेच काही नव्याने मांडावे लागणार हे उघड होते. तिथला रुग्ण खुर्चीवर बसतो, काट्या-चमच्याने जेवतो, कमोड वापरतो. इथला माणूस मांडी घालून बसतो, पाच बोटांनी वरणभाताचा घास करतो, उकिडवा बसून शौचाला जातो. बाईला एका हाताने नऊवारी नेसायची असते, माणसाला धोतर किंवा लुंगी. गुडघा वाकत नसेल तर लंडनच्या माणसाची फारशी अडचण होत नाही, परळच्या चाळीतल्या माणसाचे घरातले निम्मे व्यवहार अडतात. या विषयाचे शिक्षण इथेच, इथल्या रुग्णांसोबत घेणे आवश्यक होते ते यासाठी.

शाळेतून संघटना, संघटनेतून हक्क

शाळेला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५२ मध्ये, अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. कमलाबाई तिच्या संस्थापक अध्यक्ष. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव आले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन अशा देशांच्या रांगेत नुकताच स्वतंत्र झालेला भारत बसला, तो परळच्या या शाळेच्या जोरावर. जपानमध्ये अशी पहिली शाळा निघायला १९६३ साल उजाडले, हे पाहिले म्हणजे मुंबईने किती लवकर पाऊल टाकले होते ते कळते.

पन्नासच्याच दशकात नागपुरातही व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. मुंबईत पालिकेच्या शीव आणि नायर रुग्णालयांतही पुढे हे शिक्षण मिळू लागले. १९६० मध्ये कमलाबाईंनी आशियातील पुनर्वसनाला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक सुरू केले. वेगवेगळ्या देशांत एकेकटे काम करणाऱ्यांना एकमेकांचे अनुभव कळावेत, यासाठी असे साधन हवेच होते.

साठच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कामाने एक वळण घेतले. रुग्णालयात हात चालू झाला, कुबड्या घेऊन चालता येऊ लागले, मनाचा तोल सावरला, तरी बाहेर पडल्यावर त्या माणसाला कोणी नोकरी देत नसे. उपचार यशस्वी आणि माणूस घरी बसलेला, असे होऊ लागले तर दोष उपचाराचा नसतो. १९६८ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, कमलाबाईंनी अपंगांना समान संधी मिळाव्यात म्हणून राष्ट्रीय पातळीवरची संस्था स्थापन केली. नॅसिओ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. चेंबूरला तिचे काम चालते. तिथे अपंग व्यक्तींना कामाचे प्रशिक्षण देतात.

संस्थेच्या नावात ‘समान संधी’ हे शब्द आहेत. १९६८ मध्ये आपल्याकडे अपंगांबद्दल बोलताना दया, सेवा, मदत हेच शब्द चालत. अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्या संसदेने केला तो १९९५ मध्ये. त्याच्या नावातही ‘समान संधी’ हे शब्द आहेत. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष पाळले १९८१ मध्ये. कमलाबाई यांतले काहीच पाहू शकल्या नाहीत. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा करंडक व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेत दिला जातो. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली शाळाही त्यांच्या नावाने आहे, कमला निंबकर बालभवन. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि महाराष्ट्राला आपले मानलेल्या एका बाईने, तशाच दुसऱ्या बाईचे नाव आपल्या मराठी शाळेला दिले. हा योग लक्षात राहण्यासारखा आहे.

अर्धी वाट उरली

कमलाबाईंच्या कामाचा हिशेब मांडताना राहिलेली बाजूही पाहिली पाहिजे. त्यांनी सुरू केलेली विद्या मोठ्या रुग्णालयांत रुजली, वस्तीपर्यंत मात्र ती पुरेशी उतरली नाही. शिकून तयार झालेले अनेक तज्ज्ञ परदेशी गेले, कारण तिथे या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही होती. आपल्याकडे या आणि अशा इतर आरोग्य व्यवसायांसाठी देशपातळीवरचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. तोवर परळच्या शाळेला सत्तर वर्षे होऊन गेली होती.

दरम्यान गरज वाढतच गेली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. मानसिक आजार १९९५ च्या कायद्यातही होता, आता स्वमग्नता, कंपवात आणि इतर अवस्थाही आल्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे. तरीही मनाचा आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. ज्यांच्यापर्यंत गोळ्या पोहोचतात, त्यांतल्या अनेकांना पुनर्वसनाचा मार्ग दाखवणारे कोणी भेटत नाही.

साकीनाक्याच्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. मोडलेला हात घेऊन त्याला आठवड्यातून दोन-तीनदा मोठ्या रुग्णालयात जायचे, म्हणजे मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने परळ आणि मग रांग. एवढ्यात अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. दोन आठवडे तो जातो, तिसऱ्या आठवड्यात येणे बंद करतो. मनोरुग्ण मुलाला घेऊन हा प्रवास करणे तर आईला त्याहून कठीण. उपचार फुकट असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणे फुकट नसते. घराजवळच्या पालिका दवाखान्यात आठवड्यातून एक-दोन दिवस व्यवसायोपचारतज्ज्ञ बसला, तर यातले कितीतरी हात आणि मने वाचतील. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो कशावर खर्च होतो, हे आपल्या नगरसेवकाला आणि प्रभाग कार्यालयाला विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. साधने वाटून फोटो काढण्यापेक्षा घराजवळ तज्ज्ञ बसवणे अधिक काळ उपयोगी पडते.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. हाताची शस्त्रक्रिया, अर्धांगवायू, भाजणे, डोक्याची इजा, मोठा मानसिक आजार, मुलाच्या वाढीतला उशीर किंवा म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, यांपैकी काहीही असेल, तर घरी सोडण्याआधी डॉक्टरांना थेट विचारावे, की व्यवसायोपचाराची चिठ्ठी देता का. पुढच्या तारखेची वाट पाहू नये, कारण पहिले आठवडे मोलाचे असतात. घरी काय जमत नाही याची यादी करून न्यावी. बादली उचलता येत नाही, मुलाला वेणी घालता येत नाही, असे नेमके सांगितले की तज्ज्ञाला नेमका मार्ग सुचतो. कामावर कोणते मशीन चालवतो, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला तरी उपयोग होतो. कायमचे अपंगत्व राहणार असेल तर दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी लवकर अर्ज करावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

आणि रुग्णालयात ‘ओटी’ची पाटी दिसली, तर ती कोणती ओटी आहे हे एकदा विचारून पाहावे. केईएममध्ये १९५० पासून यातली दुसरी ओटीही आहे, आणि डिस्चार्जनंतरचे काम तिच्याकडे असते.